बेंजोची पेटी आणि गटाचं कर्ज



गटात कर्जाचा अर्ज आला की आपण काय विचारतो? कशासाठी हवं, किती हवं, कधी फेडणार. शेळी, शिलाई मशीन, भाताचं बियाणं, पोरांची फी, या सगळ्याचे हिशेब आपल्याला पाठ असतात. पण गेल्या जूनमध्ये आमच्या गटापुढे असा अर्ज आला की आम्ही अकराच्या अकराजणी गप्प बसलो. आमच्यातल्या एका ताईंनी 16,000 रुपये मागितले होते, लेकीच्या बेंजोसाठी ‘प्रोसेसर’ घ्यायला.

ही लेक कॉलेजात शिकते आणि गावच्या बेंजो पार्टीत वाजवते. हळद, साखरपुडा, गणपती, जिथली सुपारी मिळेल तिथे जाते. त्यातून स्वतःची फी भरते. म्हणजे हा काही पोरखेळ नव्हता. पण खरं सांगतो, त्या दिवशी आमच्यापैकी निम्म्याजणी म्हणाल्या, “खेळण्यासाठी कुठे कर्ज देतात?” ते आमचं चुकलंच.

दुसरीकडे, त्याच बैठकीत दुसऱ्या एका ताईंचा अर्ज होता, बियाणं आणि खतासाठी 8,000 रुपयांचा. गटाकडे शिल्लक होती 21,000. दोन्ही अर्ज मंजूर करता येत नव्हते. पावसाला तर थांब म्हणता येत नाही. म्हणून बियाण्याचं कर्ज तिथेच मंजूर केलं आणि प्रोसेसरची माहिती काढायला आठ दिवस घेतले.

काय कळलं, ते सांगतो. बेंजो म्हणजे खाली तारा आणि वर टाइपरायटरसारखी बटणं. हे वाद्य मूळचं जपानचं. नागोया शहरात 1912 च्या सुमारास ते निघालं. तिथे त्याला ताइशोगोतो म्हणतात. आपल्या देशात त्याचं बुलबुल तरंग झालं आणि मुंबई-कोकणात बेंजो. त्याला पिकअप बसवला की गिटारसारखंच ते अ‍ॅम्पला जोडता येतं. म्हणून गिटारवाल्यांची यंत्रं बेंजोवाल्यांनाही चालतात. आणि गिटारवाल्यांचा जुना वादही त्यांच्या मागोमाग येतो: डिजिटल घ्यावं की साधं अ‍ॅनालॉग?

जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असायचे, आठवतं? गिटारच्या जुन्या अ‍ॅम्पमध्येही तेच. आवाज फार वाढवला की व्हॉल्व्हला तो झेपत नाही आणि सूर जरा फाटतो. तो फाटका, भरदार सूरच लोकांना आवडला. पण असे अ‍ॅम्प जड, तापणारे आणि महाग. मग तसाच सूर काढणारी छोटी पेडल आली. धातूची डबी, पायाने दाबायचं एक बटण, फिरवायचे दोन-तीन खटके. आत ट्रान्झिस्टर, डायोड. हे झालं अ‍ॅनालॉग.

डिजिटल प्रोसेसर आवाजाचे आकडे करतो. एका सेकंदात 44,100 वेळा किंवा त्याहून जास्त वेळा सूर मोजतो, अमुक अ‍ॅम्पमधून तो कसा निघाला असता याचा हिशेब करतो आणि त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करतो. एका पेटीत पन्नास अ‍ॅम्पच्या नकला. 1998 साली लाइन सिक्स कंपनीची ‘पॉड’ नावाची लाल पेटी आली आणि हे प्रकरण घरोघरच्या गिटारवाल्यांपर्यंत पोचलं.

आठ दिवसांनी आम्ही परीक्षाच घेतली. तालुक्याच्या गावच्या एका वादकाने प्रोसेसर आणि दोन पेडल एका संध्याकाळपुरती दिली. देवळाच्या सभामंडपात आम्ही लेकीकडे पाठ करून बसलो. एकच चाल तिने दोन्हीवर वाजवली. आवडेल त्या वाटीत वालाचा दाणा टाकायचा. लेकीच्या आईला मत नाही.

पहिल्याच फेरीत प्रोसेसरचा आवाज घुसमटलेला आला. वादक हसले. प्रोसेसरमधली अ‍ॅम्पची नक्कल चालू होती आणि तो जोडला होता खऱ्या अ‍ॅम्पला. साखरेच्या चहात पुन्हा साखर! खऱ्या अ‍ॅम्पला जोडताना नक्कल बंद करायची. साउंडवाल्याच्या मिक्सरला थेट जोडताना मात्र चालू ठेवायची. ज्यांच्या घरात कुणी वाजवतं, त्यांनी एवढं नक्की सांगा.

नक्कल बंद करून पुन्हा वाजवलं. प्रोसेसरला सहा दाणे, पेडलना चार. आणि त्या चारजणींपैकी दोघी म्हणाल्या, “फरक काही कळला नाही, टाकायचा म्हणून टाकला.” म्हणजे आवाजात प्रोसेसर कमी नव्हता. मग निर्णय आवाजावर नाही, दुसऱ्या गोष्टींवर घ्यायचा होता.

आम्ही लेकीला तीन प्रश्न विचारले. मिरवणुकीत, अंधारात, पावसात हे चालवशील का? ती म्हणाली, पेडलचा खटका हाताने चाचपून फिरवता येतो, प्रोसेसरचा बारीक पडदा वाचत बसावा लागतो. बिघडलं तर कुठे नेशील? पेडलचा जॅक, खटका आपला टीव्ही दुरुस्तीवाला बदलतो. प्रोसेसर शहरात पाठवावा लागतो आणि गणपतीत आठ दिवस गेले तर सुपारी गेली. तिसरा प्रश्न, पन्नास आवाजांतले किती वापरशील? तिने बोटं मोजली. तीन.

प्रोसेसरची बाजूही तिने मांडली. हेडफोन लावून रात्री सराव होतो, सूर जुळवायचं यंत्र आतच असतं, आवाज साठवून ठेवता येतात. हे खोटं नाही. पण पार्टीचा जुना अ‍ॅम्प पडून होता. त्याची दुरुस्ती 800 आणि वापरलेली दोन पेडल, एक सूर फाडणारं, एक इकोचं, मिळून 6,200. एकूण 7,000. शेकडा 1 रुपया व्याजाने तेवढं कर्ज दिलं. बियाण्याचे 8,000 आधीच दिले होते. तरी गटात 6,000 उरले, कुणाच्या आजारपणाला. लेक मात्र हिरमुसली. दोन दिवस आमच्याशी बोलली नाही.

गणपतीत एकदा मंडपातल्या कुणाचा तरी अडॅप्टर लावला आणि इकोचं पेडल बंद पडलं. अडॅप्टरची टोकं उलटी होती. दुरुस्तीवाल्याने जळलेला डायोड काढून नवा बसवला, 150 रुपयांत. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वाजवत होती. त्या दिवशी ती स्वतःहून आमच्याशी बोलायला आली. दिवाळीपर्यंत कर्ज फिटलं.

आणि आता? या महिन्यात तिच्या आईने पुन्हा अर्ज दिलाय, त्याच प्रोसेसरसाठी. या वेळी 6,000 लेकीच्या साठवलेल्या पैशातले आणि 10,000 गटाचे. मोठे साउंडवाले आता थेट मिक्सरला जोडा म्हणतात, म्हणून तिला तो खरंच लागतो. अर्ज एकाच बैठकीत मंजूर झाला. पेडल ती विकणार नाही, म्हणते, अडीनडीला राहू दे.

मैत्रिणींनो, नवीन यंत्र वाईट नसतं आणि जुनं आपोआप चांगलं नसतं. पिठाची गिरणी असो की बेंजोची पेटी, चालवणारीला विचारा: तुला चालवता येईल का, इथे दुरुस्त होईल का, तुझ्या कामाला किती लागेल? आणि लेकीचं वाजवणं हे खेळणं नाही, काम आहे, हे आधी इतिवृत्तात लिहा. मग पैशाचा हिशेब करा.