पोहण्याचा पोशाख : नियम कापडाचा असावा

(मंडळाच्या महिला शाखेने श्रावणात योजलेल्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी काही वक्ता नाही. राज्य शासनाच्या नोकरीतला पदविकाधारक उपयंत्री आहे. पंप, पाइप आणि फिल्टर यांच्यात माझा दिवस जातो. पण उन्हाळ्यात आपल्या मंडळाचं पोहण्याचं शिबिर ठरत होतं, तेव्हा ‘मुलींनी आणि बायकांनी काय घालायचं’ यावर बैठकीत पाऊण तास वाद झाला आणि शेवटी शिबिरच बारगळलं. त्यानंतर अध्यक्ष मला म्हणाले, “तुम्ही तलाव सांभाळलाय, तुम्हीच यावर बोला.” म्हणून हे धाडस.

सुरुवात माझ्या चुकीपासूनच करतो. बारा वर्षांपूर्वी माझी बदली इंदूरबाहेर, एका जिल्ह्याच्या गावी झाली होती. तिथल्या सरकारी तलावाचं फिल्टर-हाउस माझ्याकडे होतं. पंपाच्या आधी एक जाळी असते, केस आणि तंतू अडवणारी. ती रोज सुताच्या गोळ्यांनी भरायची. वैतागून मी फाटकावर फलक रंगवून घेतला, ‘स्विमिंग कॉस्च्यूम के बिना प्रवेश नहीं.’ मुलांनी आठवड्याभरात चड्ड्या विकत आणल्या. सकाळची बायकांची बॅच मात्र बंद पडली. नऊजणी यायच्या, त्यांची एकच उरली, मग तीही येईना. त्यांच्यातली एक बाई मुलीला घेऊन एकदा खिडकीशी आली. तिने मला विचारलं, “साहेब, पाणी कशाने खराब होतं? कपडा कसला आहे त्याने, की कपडा किती आहे त्याने?” मी म्हणालो, “नियम आहे.” ती निघून गेली. उत्तर मला ठाऊक होतं, पण मी दिलं नाही. ते आज देतो.

पाणी खराब होतं ते कापडाच्या जातीमुळे. सुती कपडा पाणी पितो, जड होतो, तंतू सोडतो, कच्चा असेल तर रंगही सोडतो. तंतूंनी जाळी तुंबते, फिल्टरवर ताण येतो. बाहेर घालून आलेल्या कपड्यावर धूळ आणि घाम असतो, आणि तलावातलं क्लोरीन जंतू मारायचं सोडून त्या घाणीवरच खर्च होतं. पोहण्यासाठी बनवलेलं नायलॉन किंवा पॉलिस्टरचं ताणलं जाणारं कापड फारसं पाणी धरत नाही. मग ते मांडीपर्यंत असो की घोट्यापर्यंत, फिल्टरला त्याने काही फरक पडत नाही.

आणखी एक गैरसमज दूर करतो. तलावाला उग्र वास आला, डोळे चुरचुरले, की आपण म्हणतो, क्लोरीन जास्त झालं. बहुतेक वेळा तसं नसतं. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाची द्रव्यं तयार होतात, तो वास त्यांचा असतो. त्यावर एक साधा उपाय म्हणजे तलावात उतरण्याआधी साबण लावून अंघोळ. पण अंघोळ केली का, हे आपण कोणाला विचारत नाही. बाहीची लांबी मात्र बघतो.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा. ओढणी, सैल कुर्ता किंवा साडी पाण्यात पायांत गुंडाळली जाते. नवशिक्याला ते धोक्याचं, आणि वाचवायला उडी घेणाऱ्यालाही. तेव्हा सैल कपडा नको, हा नियम योग्यच आहे. पण घट्ट म्हणजे तोकडा नव्हे. माझी आजी लहानपणी विहिरीत पोहायला शिकली, पाठीला सुका भोपळा बांधून. नऊवारीचा काष्टा घट्ट मारला की पाय मोकळे राहतात, हे तिला कोणी यंत्रशास्त्र शिकवून सांगितलं नव्हतं.

हा वाद आपलाच आहे असं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेतल्या बायका लोकरीचे झगे आणि पायमोजे घालून समुद्रात उतरत. ऑस्ट्रेलियाच्या जलतरणपटू अ‍ॅनेट केलरमन यांनी अंगाबरोबरचा एकसंध पोशाख रूढ केला, त्यावर केवढा गहजब झाला! पुरुषांनीही हसू नये. अमेरिकेत काही ठिकाणच्या किनाऱ्यांवर १९३० च्या दशकापर्यंत उघड्या छातीने फिरायला पुरुषांना बंदी होती.

आता फ्रान्सचं पाहा. २०१६ मध्ये तिथल्या काही किनाऱ्यांवरच्या गावांनी बुर्किनीवर, म्हणजे अंगभर पोहण्याच्या पोशाखावर, बंदी घातली. त्यांपैकी एका गावाची बंदी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ऑगस्टमध्ये स्थगित केली. २०२२ मध्ये ग्रेनोबल शहराने आपल्या तलावांत तो पोशाख चालेल असं ठरवलं, तेव्हा त्याच न्यायालयाने त्या परवानगीची स्थगिती कायम ठेवली. एका गटासाठी नियमातून सूट दिली तर सगळ्यांना समान वागणूक राहत नाही, असं त्याचं म्हणणं. गंमत म्हणजे फ्रान्समधल्या सार्वजनिक तलावांत पुरुषांनाही सैल बर्म्युडा चालत नाही. त्याचं कारण ते स्वच्छतेचं देतात, कारण तीच बर्म्युडा घालून माणूस दिवसभर बाहेर फिरतो. तो नियम मला पटतो. स्वच्छ, पोहण्याच्याच कापडाचा पोशाख केवळ लांब आहे म्हणून नाकारणं मात्र पटत नाही.

स्पर्धेची गोष्ट वेगळी. २००८-०९ मध्ये पाण्याचा विरोध कमी करणारे, शरीर आवळून धरणारे पोशाख आले. २००९ च्या रोम विश्वस्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले! मग आंतरराष्ट्रीय महासंघाने १ जानेवारी २०१० पासून विणलेल्या कापडाचीच सक्ती केली, आणि पुरुषांना बेंबीपासून गुडघ्यापर्यंत, बायकांना खांद्यापासून गुडघ्यापर्यंत अशी मर्यादा घातली. हेतू एवढाच, की शर्यत माणसांची व्हावी, कापडाची नव्हे. पण आपण काही विश्वविक्रमाला निघालेलो नाही.

आता घरातली गोष्ट. माझी मुलगी सहाव्या वर्षापासून पोहते. तेराव्या वर्षी अचानक म्हणाली, “मी नाही येणार.” अभ्यासाचं कारण सांगितलं, मी मानलं. महिन्याने तिच्या आईने खरं काय ते काढून घेतलं. मुलगी म्हणाली होती, “पाण्यात काही वाटत नाही. पाण्यापर्यंत जी दहा पावलं चालत जायची असतात ना, त्यांचं वाटतं.” तलावाच्या कडेला पालकांसाठी बाकं आहेत. त्यांवर माझ्यासारखेच बाप बसलेले असतात. त्या रात्री मला खिडकीशी आलेली ती बाई आठवली. तिला लाज पाण्याची नव्हतीच.

आम्ही मुलीला पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख आणून दिला. ती परत पोहू लागली. पुढच्या वर्षी तिने आपणहून साधा कॉस्च्यूम मागितला. आम्ही तोही आणला. दोन्ही वेळा निर्णय तिचा होता, म्हणून ती पाण्यात राहिली.

आपल्यात दोन्ही बाजूंचे लोक आहेत. एक म्हणतात, “आपल्या मुलींना हे शोभत नाही.” दुसरे म्हणतात, “एवढं झाकायचं तर पोहता कशाला?” दोघांनाही मी हात जोडून सांगतो, दोघांच्या आग्रहाचा परिणाम एकच होतो, मुलगी घरी बसते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये आरती साहा उतरल्या तेव्हा अवघ्या ११ वर्षांच्या होत्या. १९५९ मध्ये त्यांनी इंग्लिश खाडी पोहून पार केली, तो मान मिळवणाऱ्या आशियातल्या त्या पहिल्या महिला. त्यांना कोणी घरी बसवलं असतं तर?

म्हणून पुढच्या उन्हाळ्यासाठी मंडळापुढे माझी सूचना अशी. पोशाख पोहण्याच्या कापडाचा, अंगाबरोबर बसणारा आणि फक्त तलावासाठी ठेवलेला असावा. लांबी ज्याची त्याने ठरवावी. आधी अंघोळ आणि डोक्याला टोपी सक्तीची, स्त्री-पुरुष दोघांनाही. महिलांच्या बॅचला प्रशिक्षक महिला असावी आणि त्या वेळी बाकांवर कोणी बसू नये. फिल्टर मी पाहीन, त्याची काळजी नको.

आपण सगळे महेश्वर-ओंकारेश्वरला जातो. नर्मदेच्या घाटावर कोणी साडीत उतरतं, कोणी चड्डीवर, आणि तिथे कोणी कोणाला विचारत नाही. पण पाय घसरला तर किती जणींना पोहता येतं, हे स्वतःला विचारा. काही दिवसांनी विसर्जनाला आपण मुलाबाळांसह पाण्याकाठी उभे असू. त्या गर्दीतल्या आपल्या मुली, सुना आणि आयाही पोहता येणाऱ्या असाव्यात, एवढीच बाप्पाचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!