डोंगरांआडची नंदपुरी

थायलंडचे नाव निघाले की बँकॉकमधील सुवर्णमंडित देवालये, तेथील गजबजलेले रस्ते आणि दक्षिणेकडील समुद्रकिनारे यांचेच चित्र मनापुढे उभे राहते. १९३९ पर्यंत ज्याला जग सयाम म्हणून ओळखत होते, त्या देशाचे हे दर्शनी दालन होय. परंतु घराची ओळख दिवाणखान्यावरून पुरी होत नाही. त्यासाठी माजघरात आणि परसदारी जावे लागते. थायलंडच्या उत्तर विभागात, अगदी पूर्वेच्या कडेला, लाओसच्या सीमेस लागून नान नावाचा जो प्रांत आहे, तो या देशाचे असेच एक परसदार आहे. तेथे समुद्र नाही, आगगाडी नाही, गगनचुंबी इमारती नाहीत. आहेत ते दाट डोंगर, एक नदी, कित्येक जुनी मंदिरे आणि पहाटे व सायंकाळी भरणारे साधेसुधे बाजार.

बँकॉकहून नान सुमारे पावणेसातशे किलोमीटर दूर आहे. विमान तेथवर जाते. परंतु आगगाडीने जाणाऱ्यास शेजारच्या फ्रे प्रांतातील डेनचाय स्टेशनावर उतरावे लागते आणि पुढची वाट मोटारीने कापावी लागते. प्रांताचा बहुतेक भाग डोंगराळ. सपाट जमीन म्हणजे काय ती नदीकाठची चिंचोळी पट्टी. सुमारे साडेअकरा हजार चौरस किलोमीटरच्या या मुलखात पाच लाखांहूनही कमी माणसे राहतात. त्यांत खोऱ्यांतून भातशेती करणारे लोक आहेत, तसेच तायलू, ह्मोंग, मियन, खमू इत्यादी निरनिराळ्या भाषांचे व चालीरीतींचे समाजही आहेत.

या परमुलखात शिरणाऱ्या मराठी माणसाच्या कानाला मात्र काही ओळखीचे सूर ऐकू येतात. नानचे जुने नाव ‘नन्थबुरी’, म्हणजे आपली नंदपुरी. शहराला तेथे ‘नखोन’ म्हणतात, ते नगर. ‘विहान’ म्हणजे विहार, ‘उबोसोत’ म्हणजे उपोसथगृह, ‘चेदी’ म्हणजे चैत्य, आणि बुद्धाचे अवशेष ज्या स्तूपात ठेवले आहेत अशी समजूत असते, तो ‘फ्रा थात’; त्यातला ‘थात’ म्हणजे धातू. शब्द समुद्रपार गेले, त्यांचे उच्चार बदलले. परंतु त्यांची कुळी लपली नाही.

लहानशा गावात इतकी मंदिरे कशी, याचे उत्तर नानच्या इतिहासात आहे. तेराव्या शतकात या राज्याची पहिली राजधानी उत्तरेकडे, आजच्या पुआ गावाजवळ वरनखोन येथे होती. १३५९ मध्ये ती चे हेंगच्या टेकडीजवळ आली आणि १३६८ मध्ये नदी ओलांडून आजच्या जागी स्थिरावली. पुढे १४५० च्या सुमारास लान्ना राज्याने नान जिंकले. १५५८ मध्ये लान्नाबरोबर तेही ब्रह्मी राजांच्या हाताखाली गेले. १७८८ मध्ये नानच्या अधिपतीने बँकॉकचे सार्वभौमत्व मान्य केले. परंतु आपल्या मुलखापुरता तो राजाच राहिला. ही परंपरा १९३१ पर्यंत, शेवटच्या अधिपतीच्या मृत्यूपर्यंत टिकली. अर्थात आज जो एक दूरचा जिल्हा वाटतो, तो शतकानुशतके एक छोटे राज्य होता, आणि प्रत्येक राज्याला आपले वैभव मंदिरांच्या रूपाने मागे ठेवावेसे वाटते, तसे त्यालाही वाटले.

या मंदिरांत अग्रपूजेचा मान वाट फुमिनचा. १५९६ मध्ये बांधलेल्या आणि १८६७ पासून काही वर्षे जीर्णोद्धार होत राहिलेल्या या मंदिराची रचना विलक्षण आहे. सामान्यतः थाई मंदिरात विहार वेगळा आणि उपोसथगृह वेगळे असते. येथे दोन्ही एकाच इमारतीत सामावली आहेत. इमारत अधिकचिन्हाच्या आकाराची, चारी दिशांना चार दारे. आत मध्यभागी चार बुद्धमूर्ती पाठीला पाठ लावून बसलेल्या आहेत, त्यामुळे कोणत्याही दाराने आत पाऊल टाकले तरी भगवंताचे मुख समोर येते. बाहेर दोन प्रचंड नाग, एका बाजूस त्यांचे फणे आणि दुसऱ्या बाजूस शेपट्या. जणू काही हे सारे मंदिर त्यांनी आपल्या पाठीवर तोलून धरले आहे.

खरे धन आहे ते आतल्या भिंतींवर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काढलेली ही चित्रे जातककथांची आहेत. परंतु चित्रकाराने त्या कथांच्या निमित्ताने नानचाच संसार भिंतीवर मांडला आहे. हातमागावर बसलेल्या स्त्रिया आहेत, मांड्यांवर दाट गोंदण असलेले पुरुष आहेत, तरुणींशी गप्पा मारणारे तरुण आहेत, आणि त्या काळी या भागात दिसू लागलेले टोपीवाले युरोपीय व त्यांच्या आगबोटीही आहेत. अजिंठ्याच्या चित्रकारांनी जातके रंगविताना आपल्या काळातील राजवाडे, बाजार आणि परदेशी पाहुणे भिंतीवर आणले, त्याचे येथे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. काळाचे अंतर हजार वर्षांहून अधिक आहे आणि हात वेगळे आहेत. वृत्ती मात्र एकच. धर्मकथा सांगावयाची ती शेजारच्या माणसाच्या चेहऱ्याने.

या चित्रांतील एक जोडी आज साऱ्या थायलंडात प्रसिद्ध आहे. ब्रह्मी पद्धतीचा पोशाख केलेला एक पुरुष एका स्त्रीच्या खांद्यावर हात ठेवून, दुसरा हात तोंडाशी नेऊन तिच्या कानात काही कुजबुजतो आहे. तो काय सांगतो आहे हे चित्रकाराने लिहून ठेवलेले नाही, म्हणूनच प्रत्येक प्रेक्षकाला ते ठाऊक आहे असे वाटते. हे काम थित बुआफान नावाच्या तायलू चित्रकाराचे असे मानतात. हल्ली ही जोडी सदऱ्यांवर, पिशव्यांवर, पेल्यांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर येऊन बसली आहे. भिंतीवरची कुजबूज अशा रीतीने बाजारात दवंडी होऊन फिरते, याचे काहींना वाईट वाटेल. परंतु त्या पिशव्या विकून गावातील कित्येक घरांची चूल पेटते, हेही विसरून चालणार नाही.

वाट फुमिनपासून काही पावलांवर वाट फ्रा थात चांग खाम आहे. ‘चांग’ म्हणजे हत्ती. येथील चैत्याच्या चौथऱ्यातून चहूबाजूंनी हत्तींची अर्धी शरीरे पुढे आली आहेत. वेरूळच्या कैलास लेण्याचा भार वाहणारे हत्ती ज्याने पाहिले आहेत, त्याला या कल्पनेची ओळख करून द्यावी लागत नाही. समोरच्या जुन्या राजवाड्यात, जो १९०३ मध्ये बांधला गेला, आता वस्तुसंग्रहालय आहे. तेथे एक गडद रंगाचा हस्तिदंत जपून ठेवला असून तो राज्याचे मंगलचिन्ह मानला जातो. नदीपलीकडे टेकडीवर चे हेंगचा सुवर्णस्तूप उभा आहे. त्याची उंची सुमारे ५५ मीटर. सुखोदयच्या राजाकडून मिळालेले बुद्धधातू येथे ठेवले, अशी परंपरा सांगते. बारा प्राण्यांच्या नावांनी वर्षे मोजण्याच्या रीतीत सशाच्या वर्षी जन्मलेल्यांनी या स्तूपाचे दर्शन घ्यावे, असा उत्तर थायलंडातील संकेत आहे. त्यामुळे दूरदूरचे यात्रेकरू येथे येत असतात.

मंदिरे पाहून झाली की बाजार. उत्तर थायलंडात बाजाराला ‘काट’ म्हणतात. पहाटेच्या काटात चिकट भाताच्या पुरचुंड्या, डोंगरातील रानभाज्या, बांबूचे कोंब, नानची पिवळसर सालीची संत्री, आणि हिवाळ्यात नदीच्या स्वच्छ पाण्यातून काढलेले खाण्याचे शेवाळ येते. मखवेन नावाची एक मसाल्याची फळेही दिसतात. ती जिभेला झिणझिण्या आणतात. आणि त्यात नवल नाही, कारण कोकणातल्या बांगड्याच्या कालवणात पडणाऱ्या तिरफळाच्याच कुळातील हे झाड आहे. शुक्रवार ते रविवार सायंकाळी वाट फुमिनसमोरचा रस्ता वाहनांना बंद होतो. दुतर्फा खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात. पटांगणात चटया आणि बुटक्या गोल चौरंग्या मांडलेल्या असतात. हवे ते विकत घ्यावे, मांडी घालून बसावे आणि मंदिराच्या भिंतींवर दिवे पडलेले पाहत जेवावे. येथे आरडाओरड नाही, गिऱ्हाइकाचा हात धरून ओढणे नाही.

शहर सोडून डोंगर चढू लागले की बो क्लुआ हे खेडे लागते. ‘मिठाची विहीर’ असाच त्या नावाचा अर्थ. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असताना येथील विहिरींतून खारे पाणी निघते. मातीच्या चुलींवर मोठ्या कढया चढवून ते तासन्‌तास आटवितात आणि जमलेले मीठ बांबूच्या टोपल्यांत निथळत ठेवतात. वाहतुकीची साधने नव्हती त्या काळी हे मीठ म्हणजे डोंगराळ राज्यांचे मोठे धन होते. खोऱ्यांतल्या तायलू वस्त्यांत वाहत्या पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असलेली वस्त्रे हातमागावर विणली जातात. ती नक्षी नानची जणू स्वाक्षरीच झाली आहे.

हे सारे पाहून प्रवासी म्हणतो, काय ही शांतता! परंतु ही शांतता आकाशातून पडलेली नाही, आणि ती फुकटही मिळालेली नाही. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत नानच्या डोंगरांत कम्युनिस्ट बंडखोरांचे तळ होते आणि सरकारी फौजांशी त्यांच्या चकमकी होत होत्या. १९८० मध्ये सरकारने शस्त्र खाली ठेवणाऱ्यांना माफी देण्याचे धोरण जाहीर केले आणि हळूहळू रणधुमाळी थांबली. त्या वर्षांत व्यापारी आणि प्रवासी या बाजूस फिरकले नाहीत. जुनी घरे व जुने मार्ग टिकले, त्यामागे अशी पुष्कळशी सक्तीची उपेक्षा आहे.

पुढे रस्ते आले आणि त्यांच्याबरोबर मक्याची मागणी आली. कोंबड्या-डुकरांच्या खाद्यासाठी लागणारा मका डोंगरउतारांवर पेरला जाऊ लागला आणि त्यासाठी जंगल तोडले गेले. यात शेतकऱ्यालाच दोष देणे सोपे आहे. परंतु ज्या उतारावर तो राबतो, ती जमीन कित्येकदा कागदोपत्री राखीव वनाची असते. तिचा पट्टा त्याच्या नावे नाही, म्हणून दहा वर्षांनी फळ देणारे झाड लावण्याचा धीर त्याला होत नाही. बियाणे-खताचे कर्ज मात्र वर्षाच्या वर्षास फेडावे लागते. मग चार महिन्यांत हाती पैसा देणारे पीक तो घेतो. उन्हाळ्याच्या तोंडी शेते जाळली जातात आणि खोरे धुराने भरते. पावसाळ्यात उघड्या उतारांवरची माती नदीत येते. ऑगस्ट २०२४ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये नान शहरात महापुराचे पाणी शिरले. अतिवृष्टी हे त्याचे प्रत्यक्ष कारण खरे. परंतु पाणी धरून ठेवणारे रान उतारावर नसले म्हणजे तेच पाणी अधिक वेगाने खाली येते, हे कोणत्याही डोंगराळ मुलखातील माणूस जाणतो. आणि हा प्रश्न एकट्या नानचा नाही. नान नदी नखोन सावन येथे पिंग नदीला मिळते आणि तेथून चाओ फ्राया नदी सुरू होते, जिच्या काठी बँकॉक वसले आहे. माजघराची गळती दिवाणखान्यापर्यंत पोहोचल्यावाचून राहत नाही.

म्हणून नानला जाणाऱ्याने एक विचार बरोबर नेलेला बरा. येथे येणारा प्रत्येक रुपया दोन वाटांनी जाऊ शकतो. दूरच्या धनिकाने बांधलेल्या विश्रामगृहात तो उतरला, तर आला तसाच बाहेर जातो. खेड्यातील घरात मुक्काम केला, विणकरणीकडून वस्त्र घेतले, डोंगरातील कॉफी, मखवेन किंवा मीठ पिकवणाऱ्याच्याच हातून विकत घेतले, तर तो पैसा मक्यावाचून जगण्याची एक लहानशी सोय करतो. उतारांवर कॉफी, फळझाडे आणि पुन्हा रान लावण्याचे प्रयत्न तेथे चालू आहेत. त्यांना गिऱ्हाइकाचा आधार हवा.

बाकीचे नियम सोपे आहेत. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ प्रवासाला उत्तम. मार्चमध्ये धुराचा त्रास होतो. देवळात जाताना पादत्राणे बाहेर ठेवावीत, खांदे व गुडघे झाकलेले असावेत, मूर्तीकडे पाय करून बसू नये. पहाटे भिक्षू भिक्षेला निघतात. स्त्रियांनी त्यांना स्पर्श करू नये, आणि त्या रांगेच्या आड येऊन चित्रे घेत बसू नये. हे आपल्याकडील माणसाला शिकवावे लागेल असे नाही.

स्वस्थतेच्या शोधात माणसे दूरदूर जातात आणि पुष्कळदा आपल्याच गर्दीने ती स्वस्थता बुडवितात. नानपुढे आज हाच पेच आहे. फार थोडे लोक आले तर डोंगरावर मका राहतो. फार आले तर गाव गाव राहत नाही. या दोहोंमधली वाट नानच्या लोकांनीच काढावयाची आहे. पाहुण्याने एवढेच करावे की, ज्या घरी उतरला त्या घरच्या रीतीने चार दिवस राहावे, आणि निघताना त्या घराचे ओझे वाढवून जाऊ नये.