ग्रानादातला पहिला महिना



विद्यार्थी-विनिमय योजनेतून कोणी स्पेनमधील ग्रानादा विद्यापीठात गेला, तर त्याची पावले आधी अल्हंब्राकडे वळणार. स्वाभाविक आहे. परंतु तो राजवाडा वर्षभर जागचा हलणार नाही. कागदपत्रांची मुदत मात्र थांबत नाही.

मुक्काम सहा महिन्यांहून अधिक असेल, तर स्पेनमध्ये पाऊल ठेवल्यापासून एका महिन्याच्या आत परदेशी व्यक्तीच्या ओळखपत्रासाठी, म्हणजे टी.आय.ई.साठी, अर्ज करावा लागतो. राहत्या पत्त्याची नोंद नगरपालिकेत करावी. त्या नोंदीसाठी भाडेकरारासारखा पुरावा लागतो. म्हणून खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अनामत रक्कम पाठवू नका, आणि लेखी कराराशिवाय राहू नका.

तेथे दहापैकी पाच गुणांना उत्तीर्ण धरतात. पण ऐनवेळी विषय बदलावा लागला, तर दोन्ही विद्यापीठांची लेखी संमती आधी घ्या. नाहीतर तिकडची मेहनत इकडे धरली न जाण्याचा धोका असतो. संकटकाळी ११२ हा क्रमांक फिरवा.

पालकहो, फोनवर आपण "जेवण झाले का?" असे विचाराल. जरूर विचारा. पहिल्या महिन्यात त्याच्या जोडीला एवढेच विचारा, "अर्ज दिला का?"