वाळवंटांतील सात दिवसांची दौड

जळगावाहून धुळ्यास जाणारी सडक बांभोरीजवळ गिरणा ओलांडते आणि पाळधी, एरंडोल, पारोळा हीं गांवें मागें टाकीत सुमारें ९० किलोमीटरांनीं पांझरेच्या कांठीं पोंचते. वैशाखांतल्या दुपारीं एस.टी.च्या खिडकीशीं बसून ज्यानें हा रस्ता काटला आहे, त्याला झळा तोंडावर कशा येतात हें सांगावयास नको. आतां कल्पना करावी, कीं जवळजवळ एवढेंच अंतर एखादा मनुष्य धांवत, पाठीवर आठ-दहा किलोंचें ओझें घेऊन, वाळूंतून व दगडगोट्यांतून तोडीत आहे. त्यापूर्वींचे दोन-तीन दिवस तो असाच धांवलेला आहे. आणि इतकें करूनहि त्याची शर्यत संपलेली नाहीं.

ही केवळ कल्पना नव्हे. मोरोक्को देशाच्या दक्षिण भागांत, सहारा वाळवंटाच्या कडेला, अशी शर्यत १९८६ पासून भरत आली आहे. फ्रेंच भाषेंतील तिच्या नांवाचा अर्थ 'वाळूची मॅरेथॉन' असा आहे. तिचा उगम मोठा साधा. १९८४ सालीं पात्रिक बोएर नांवाचा एक फ्रेंच तरुण अल्जीरियाच्या वाळवंटांतून एकटाच पायीं निघाला. बारा दिवसांत ३५० किलोमीटर तो चालला. वाटेंत ना वस्ती, ना विहीर. जें आपल्याला साधलें तें इतरांनाहि साधावें असें त्याला वाटलें, आणि दोन वर्षांनीं २३ धांवणाऱ्यांनिशीं पहिली शर्यत झाली. आज जगभरांतून शेंकडों माणसें तेथें जातात. एकंदर अंतर सुमारें २५० किलोमीटर. त्याचे टप्पे पाडलेले असतात व त्यांतला एक टप्पा ८०-९० किलोमीटरांचा असतो. चालक मंडळी पाणी देतात आणि रात्रीं तंबूची सावली देतात. बाकी आठवड्याचें अन्न, अंथरूण, होकायंत्र, चाकू, शिटी, आरसा हें सारें ज्याचें त्यानें वाहावयाचें.

टप्प्याटप्प्यानें जाण्याची रीत खानदेशास नवी नाहीं. मुक्ताईनगराहून निघणारी मुक्ताबाईंची पालखी बुलढाणा, जालना, बीड या जिल्ह्यांतून महिनाभर चालून पंढरपुरास पोंचते. परंतु वारकऱ्याला गांवोगांवीं भाकरी मिळते, पाणी मिळतें, आणि पाय सुजला तर तेल चोळणारेंहि कोणी भेटतें. वाळवंटांतल्या दौडींत हें कांहींच नाहीं. एका दिवसाच्या मॅरेथॉनशींहि तिची तुलना करतां येत नाहीं. १९१९ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धांवणारे शेतकरी दोराबजी टाटांनीं पाहिले, आणि पुढल्याच वर्षीं बेळगांवकडील फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या ऑलिंपिकांत मॅरेथॉन धांवून १९ वे आले. तो पराक्रम थोरच. पण ४२ किलोमीटर संपले कीं मॅरेथॉनचा धांवपटू विसांवतो. येथें दुसऱ्या दिवशीं उजाडतांच पुन्हां तेच पाय, तीच वाळू आणि तेंच ऊन.

उन्हाचीच गोष्ट जरा सविस्तर पाहण्याजोगी आहे. ही शर्यत बहुधा एप्रिल महिन्यांत असते, आणि दुपारचा पारा कित्येकदां ४५ अंशांवर जातो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यांत हा आंकडा कोणाला अपरिचित नाहीं. मनुष्याच्या शरीराचें अंतरंग ३७ अंशांच्या आसपास राहिलें पाहिजे. ६० किलो वजनाचा मनुष्य एक किलोमीटर धांवला तर साधारण ६० उष्मांक खर्ची पडतात, आणि त्यांतले तीन-चतुर्थांशांहून अधिक निव्वळ उष्णता होऊन बसतात. तासाला दहा किलोमीटर धरले तर साडेचारशेंहून अधिक उष्मांक बाहेर टाकणें भाग आहे. हवा कातडीहून थंड असली तर ती कांहीं भार उचलते; हवाच अधिक तापलेली असली तर ती उलट भर घालते. मग घामाखेरीज त्राता नाहीं. एक लिटर घाम वाळला तर तो सुमारें ५८० उष्मांक घेऊन जातो. म्हणजे नुसत्या धांवण्याच्या उष्णतेसाठींच तासाला जवळजवळ लिटरभर घाम हवा; वरून पडणाऱ्या उन्हाचा हिशेब निराळा.

घाम गळून उपयोग नाहीं, तो वाळला पाहिजे. मुंबईच्या दमट हवेंत तो ठिबकत राहतो; जळगावच्या कोरड्या वाऱ्यांत तो उठतांच वाळतो. हा कोरड्या मुलुखाचा मोठाच उपकार, पण त्यांतच फसवणूक आहे. अंग कोरडें लागतें, म्हणून आपल्याला घाम येतच नाहीं असें मनुष्य समजतो आणि पाण्याची आठवण त्याला उशिरां होते. सदऱ्यावर उमटलेले मिठाचे पांढरे डाग पाहिल्यावर खरा प्रकार उघडकीस येतो.

तेव्हां नुसतें पाणीच पीत राहावें काय? तेंहि घातक. घामाच्या प्रत्येक लिटरबरोबर दोन-तीन ग्रॅम मीठ जातें. तें भरून न काढतां तासन् तास निव्वळ पाणी पोटांत ढकललें तर रक्तांतलें मीठ पातळ होतें, मेंदूस सूज येते. डोकें दुखतें, वांत्या होतात, मनुष्य बरळूं लागतो. भोवतालचे लोक उन्हाचा त्रास समजून त्याला आणखी पाणी पाजतात! म्हणून तेथील धांवणारे पाण्याबरोबर मिठाच्या गोळ्या घेतात. कैरीच्या पन्ह्यांत गूळ व मीठ घालणाऱ्या खानदेशी गृहिणीनें हें शास्त्र न वाचतांच जाणलें होतें. खिशांतल्या कांद्याबद्दल मात्र असें म्हणतां येत नाहीं. त्याला मिळणारें श्रेय बहुधा डोक्यावरच्या उपरण्याचें असतें.

शरीराला उन्हाची संवय लागण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. मग घाम लौकर सुटतो आणि त्यांतून मीठ कमी जातें. चैत्रापासून शेतांत वावरणाऱ्यास ही संवय आपोआप होते. थंड केलेल्या खोलींतून एकदम मे महिन्याच्या दुपारीं बाहेर पडणाऱ्यास ती नसते, मग तो कितीहि तगडा असो. धांवणारा भ्रमिष्टासारखा बोलूं लागला, त्याचा झोंक जाऊं लागला, तर अंतरंगाचें तपमान ४० अंशांपलीकडे गेलें असें धरून आधीं त्याला सावलींत न्यावें, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा आणि मग दवाखान्याची वाट धरावी. २०२१ ची शर्यत ऑक्टोबरांत झाली; त्या वेळच्या उकाड्यांत व पोटाच्या विकारांत सुमारें निम्म्या लोकांना मध्येंच थांबावें लागलें, आणि एका धावकाचा हृदयक्रिया बंद पडून अंत झाला.

याहून विलक्षण हकीकत १९९४ ची. मौरो प्रोस्पेरी हा इटलीचा पोलीस लांब टप्प्यांत असतांना वाळूचें वादळ उठलें. अशा वेळीं होतें तेथें थांबावयाचें असतें. पण तो सातवा होता आणि क्रमांक जाऊं नये म्हणून पुढें जात राहिला. वादळ ओसरलें तेव्हां वाट नाहींशी झाली होती. एका ओसाड दर्ग्याचा त्यानें आश्रय केला, तेथलीं वटवाघळें खाल्लीं, स्वतःचें मूत्र प्राशन केलें. विमान वरून गेलें, तें त्याला न पाहतांच. अखेर, वाट चुकल्यास पहांटे क्षितिजावर दिसणाऱ्या ढगांच्या रोखानें चालावें, ही तुआरेग लोकांची शिकवण त्याला आठवली. सकाळसंध्याकाळ चालावें, दुपारीं सावलींत पडून राहावें, असें करीत नऊ-दहा दिवसांनीं तो शेळ्या राखणाऱ्या एका मुलीच्या दृष्टीस पडला. तो अल्जीरियांत, मूळ वाटेपासून सुमारें ३०० किलोमीटर दूर पोंचला होता. वजन पंधरा किलोंहून अधिक घटलें होतें. १९९८ सालीं हाच गृहस्थ पुन्हां त्याच शर्यतींत उतरला. याला शौर्य म्हणावें कीं हट्ट, हें श्रोत्यांनींच ठरवावें.

शर्यत जिंकणारे बहुधा तिकडचेच. झगोरा गांवचा लाहसेन अहन्साल दहा वेळां पहिला आला, त्याचा भाऊ मोहमद पांच वेळां. पण धांवणाऱ्यांपैकीं बहुतेकांना पहिलें यावयाचें नसतें. लांब टप्प्याच्या दिवशीं पुढचे लोक सायंकाळपर्यंत तंबूंत पोंचतात. मागचे कपाळाला दिवा बांधून रात्रभर चालत असतात. त्यांच्याहि मागून दोन उंट संथपणें येत असतात. ते उंट ज्याला गांठून पुढें गेले, त्याची शर्यत तेथेंच संपली.