गुदडी आणि पाटी

(शाळेतील हस्तकला प्रदर्शनाच्या प्रसंगी दिलेले व्याख्यान)
— सहशिक्षक, बी.ए., बी.एड., नांदेड



गरिबाघरचे एखादे मूल परीक्षेत चमकले की आपण कौतुकाने म्हणतो, "गुदडी का लाल निकला!" त्या लालाचा आपण हार घालून सत्कार करतो, त्याचा फोटो छापतो. परंतु ती गुदडी कोणी शिवली, असे आपण कधी विचारले आहे काय? आज मला लालाविषयी नव्हे, गुदडीविषयी बोलायचे आहे. तिला आपल्या मराठवाड्यात कोणी गोधडी म्हणते, कोणी वाकळ म्हणते. नाव काहीही असो, आपल्यापैकी बहुतेकांचे बालपण तिच्याच उबेत गेले.

माझी खाला नांदेडला गुदड्या शिवते. ती शाळेत गेलेली नाही. तिचा दिवस कसा जातो तो पाहा. फजरची नमाज झाली की चूल, पाणी, झाडलोट. दुपारपर्यंत भाकरी, धुणे, नातवंडे. जोहरनंतर दारासमोर ऊन सरळ येते, तेव्हा ती चटई टाकून बसते आणि असरपर्यंत शिवते. मगरिबनंतर सुईत दोरा ओवणे तिच्या डोळ्यांना आता झेपत नाही. तेव्हा रात्री ती चिंध्या निवडते. शिंप्याच्या दुकानातून आणलेली कातरण एका गाठोड्यात, घरातले जुने कपडे दुसऱ्यात. कोणता रंग कोणत्या रंगाशेजारी बसेल, हे ती बोटांनी चाचपून आणि मनाशी पुटपुटून ठरवते. तिच्यासमोर नमुन्याचे पुस्तक नसते. तरी तिच्या दोन गुदड्या कधी सारख्या झाल्या नाहीत.

शिवण्याची रीत साधी दिसते, पण सोपी नाही. आधी जुन्या साड्यांचे अस्तर अंथरायचे, त्याच्या कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, तांब्या असे जड काही ठेवायचे, म्हणजे कापड सरकत नाही. मधल्या थरात विरलेली धोतरे, चादरी. वर ठिगळांचा थर. मग कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने धावदोरा घालत आत आत यायचे. शेवटचा टाका मध्यभागी पडतो. एक ओळ वाकडी गेली तर पुढच्या सगळ्या ओळी वाकड्या जातात. खाला म्हणते, "फेको नक्को बावा, जोड को रखते." फाटलेले टाकू नये, जोडून ठेवावे, हे तिचे सारे तत्त्वज्ञान!

वाचकहो, नांदेड हा कापसाचा मुलूख. येथे उस्मानशाही गिरणी होती. तिच्या भोंग्यावर घरोघरची घड्याळे लावली जात, असे वडीलधारे सांगतात. येथील कापूस संशोधन केंद्राचे 'नांदेड-४४' हे संकरित वाण २००२ साली बीटी कापूस येण्यापूर्वी शेतकऱ्यांत फार लोकप्रिय होते. गाद्या-रजयांसाठी कापूस पिंजणारे पिंजारी बांधव तर आपल्यातलेच. त्यांना नद्दाफ म्हणतात, आणि सूफी मन्सूर हल्लाज यांच्या नावातील 'हल्लाज' या शब्दाचा अर्थही कापूस पिंजणारा असाच आहे. कापूस पिकवणारा, पिंजणारा, विणणारा यांची नावे निदान आपल्या बोलण्यात राहिली. परंतु झिजलेल्या कापडाला दुसरे आयुष्य देणाऱ्या बाईचे नाव मात्र कोठेच उरले नाही.

खालाचे माहेर लातूर जिल्ह्यातले, औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात जे घडले ते आपण सर्व जाणताच. सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. त्यांत माझी नानीही होती. ती थंडी वाचलेल्या माणसांनी पत्र्याच्या निवाऱ्यात काढली. खाला तेथे दोन महिने राहिली. मदतीच्या गाठोड्यांतून आलेल्या, कोणाच्या अंगाला न येणाऱ्या कपड्यांच्या तिने गुदड्या शिवल्या आणि ज्याला हवी त्याला दिल्या. घेणारा कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे तिने विचारले नाही. एक गुदडी तिने स्वतःसाठी ठेवली. तिच्यात ढिगाऱ्यातून निघालेल्या नानीच्या दोन साड्या होत्या. पुढे ती गुदडी तिने माझ्या अंगावर घातली. मी तिच्याच घरी राहून शिकलो, आणि माझ्या बी.एड.च्या फीमध्ये तिच्या सुईचे पैसे आहेत.

आता एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. नोकरी लागल्यावर मी पलंग घेतला, फोमची गादी घेतली, दुकानातले मऊ ब्लँकेट घेतले. एके दिवशी दारावर बोहारीण आली. मी जुन्या कपड्यांबरोबर ती गुदडीही देऊन टाकली आणि स्टीलचा एक डबा घेतला. संध्याकाळी खालाने डबा पाहिला. ती एवढेच म्हणाली, "झाकण घट्ट बसते का बघ." तो डबा आजही आमच्या घरात आहे. मी बी.ए., बी.एड. झालो होतो, परंतु वस्तू वाचायला शिकलो नव्हतो.

यानंतरही मला शहाणपण आले असे नाही. आमच्या आठवीच्या वर्गातली एक हुशार मुलगी वारंवार गैरहजर राहू लागली. चौकशी केली तेव्हा कळले की तिची आई एका व्यापाऱ्यासाठी गोधड्या शिवते आणि मुलगी मदतीला बसते. मी रागानेच त्यांच्या घरी गेलो. कायद्याने चौदा वर्षांपर्यंत शिक्षण हा मुलांचा हक्क आहे, वगैरे भाषण तोंडपाठ होते. दारात पाहतो तर ती मुलगी खडूने जमिनीवर त्रिकोण आखत होती. चौकोन कर्णावर कापला तर किती कापड वाया जाईल, हे ती आईला समजावून देत होती. जो धडा मला वर्गात दोन तासिका घेऊनही पटवता आला नव्हता, तो तेथे पाच मिनिटांत पटला होता.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. मी फळ्यावर तिच्या आईच्या गोधडीचे गणित मांडले. लांबी २१० सेंटिमीटर, रुंदी १५० सेंटिमीटर. दोन ओळींत २ सेंटिमीटर अंतर. म्हणजे ७५ ओळी, आणि दोऱ्याची वाट साडेसत्तावन्न अधिक शंभर, म्हणजे १५७.५ मीटर! एक सेंटिमीटरला एक टाका धरला तरी १५,७५० टाके. मुले थक्क झाली. मग वेळेचा हिशेब निघाला. बारा दिवस, रोज चार तास, म्हणजे ४८ तास. मजुरी ६०० रुपये. भागाकार मुलांनीच केला. तासाला साडेबारा रुपये. ती मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, गणित तर बरोबर आहे. मग पैसे एवढेच का?"

वाचकहो, मी शिक्षक आहे, पण या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आईने ती वही व्यापाऱ्याला दाखवली. त्याने दर वाढवला नाही. दोन महिने काम बंद राहिले, आणि त्या घराने ते कसे काढले हे त्यांनाच ठाऊक. आता ती शेजारच्या चार बायकांबरोबर बचत गटातून शिवते आणि प्रत्येक गोधडीचे तास वहीत मांडूनच भाव सांगते. गिऱ्हाईक कमी आहे, पण दर दुपटीच्या वर आहे. मुलगी आज नववीत आहे. हे यश लहान आहे. मी ते फुगवून सांगणार नाही.

ही केवळ आपल्याच मुलखाची कथा नव्हे. शेजारच्या कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत आफ्रिकन वंशाचे सिद्दी बांधव राहतात. त्यांत मुस्लिम आहेत, हिंदू आहेत, ख्रिस्तीही आहेत. तिन्ही धर्मांच्या बाया 'कवंडी' नावाची गोधडी शिवतात. कडेपासून सुरुवात, मध्यभागी शेवट, अगदी आमच्या खालासारखीच. चार कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी 'फुला' लावल्याशिवाय त्यांना ती पूर्ण वाटत नाही. आज या कवंड्या प्रदर्शनांतून मांडल्या जातात.

त्याहून दूर, अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीत राबलेल्या कृष्णवर्णीयांचे वंशज तेथे राहतात. मतदार म्हणून नाव नोंदवू लागले म्हणून १९६२ साली त्यांची नदीवरची नाव बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. तेथील बायांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून गोधड्या शिवल्या. १९६६ साली त्या भागात गोधड्या शिवणाऱ्या बायांची सहकारी संस्था निघाली. २००२ साली ह्यूस्टनच्या आणि पुढे न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयात त्या गोधड्या भिंतीवर लागल्या, तेव्हा जगाने त्यांना कला म्हटले. २००६ साली त्यांची टपाल तिकिटे निघाली. टाका तोच होता. फरक पडला तो एकत्र येण्याने आणि शिवणारीचे नाव लिहिले जाण्याने.

कोणी म्हणेल, शाळेत सुई कशाला? १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेनंतर मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा ज्या समितीने केला, तिचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. हैदराबादेत जन्मलेले आणि १९६७ साली राष्ट्रपती झालेले तेच झाकिरसाहेब. हाताने शिकलेले डोक्यात टिकते, हा त्या योजनेचा गाभा होता. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडून शिकावे असे सुचवले आहे. आणि हाताने कष्ट करून कमवावे, कमावलेले गरजूंना द्यावे, हा धडा उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) यांनी आपल्याला केव्हाच घालून दिला आहे.

परंतु माझे म्हणणे कोणी उलटे घेऊ नये. मुलींनी शाळा सोडून गुदड्या शिवाव्यात असे मी मुळीच म्हणत नाही. सुई हातात असताना पाटी सुटू नये आणि पाटी हाती आल्यावर सुईची लाज वाटू नये, एवढेच मागणे आहे. म्हणून संस्थेपुढे दोन सूचना ठेवतो. पहिली, या प्रदर्शनातील प्रत्येक वस्तूवर करणारीचे नाव आणि लागलेले तास यांची चिठ्ठी लावावी. दुसरी, ते दहा दिवस मोहल्ल्यातील एखाद्या शिवणाऱ्या बाईला मानधन देऊन गुरू म्हणून वर्गात बोलवावे.

आणि वाचकहो, आपणास एक विनंती. आज घरी गेल्यावर माळ्यावरची, पेटीतली जुनी गोधडी काढा. कोणते ठिगळ कोणाच्या कपड्याचे, हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा आणि लिहून ठेवा. दारावर बोहारीण येण्याआधी विचारा. मी विचारले नाही.

माझ्या खालाची नवी गुदडी बाहेर तिसऱ्या टेबलावर आहे. चिठ्ठीवर तिचे नाव आहे, आणि तिच्या वयाच्या साठाव्या वर्षानंतर ते तिने स्वतःच्या हाताने लिहिले आहे. अक्षर वळणदार नाही. जाताना जरूर पाहावे.