मोटारीतली शेगडी

यवतमाळात मोटारीच्या हीटरची गोष्ट काढली की लोक हसतात. उन्हाळ्यात पारा 45 अंशांकडे झुकतो, तिथे शेगडी कशाला? खरे आहे, पण बऱ्याच जुन्या गाड्यांत इंजिनाचे गरम पाणी हीटरच्या कॉइलमधूनही फिरते. कॉइल सडली, की पायाखालचे मॅट ओले होते, गोडसर वास सुटतो, काचेवर तेलकट धुके चढते. पाणी असे गुपचूप घटत गेले आणि पांढरकवड्याच्या रस्त्यावर भर दुपारी इंजिन तापले, मग कोणी हसत नाही.

घरी कॉइल बदलायची तर इंजिन पुरते निवू द्या; गरम रेडिएटरचे झाकण उघडाल तर वाफ थेट तोंडावर. आवळून बसलेला रबरी पाइप ओढू नका, सरळ कापा. ओढाताणीत नळीच तुटते. काढलेले कुलंट झाकणाच्या डब्यात ठेवा. ते चवीला गोड, पण विषारी. अंगणातले कुत्रे चाटून मरते. नवी कॉइल बसली की हीटर पूर्ण उघडा ठेवून पाणी भरा, नाहीतर आत हवा अडकते.

कॉइल मिळेपर्यंत दोन्ही पाइप एकमेकांना जोडले तरी बहुतेक जुन्या गाड्या चालतात. पौषातल्या पहाटे काच पुसायला फडके मात्र जवळ असू द्या.