निखाऱ्यांवरचे मांस

मांस भाजायला ज्वाळ लागत नाही, धग लागते. लाकूड पेटले की आधी त्यातले पाणी जाते, मग त्यातून सुटणारे वायू ज्वाळेने जळतात आणि मागे उरलेला कार्बन बराच वेळ लाल राहून जवळजवळ धुराविना उष्णता देतो. कोळसा म्हणजे यातले पहिले दोन टप्पे आधीच उरकलेले लाकूड. अमेरिकेत परसातल्या शेगडीत दोन तऱ्हांचा कोळसा जाळतात: लाकडाचा ओबडधोबड कोळसा आणि दाबून केलेल्या एकसारख्या वड्या. या वड्यांचा प्रसार १९२०च्या दशकानंतर वाढला. हेन्री फोर्डच्या मोटारींसाठी कापलेल्या लाकडाचे वाया जाणारे तुकडे आणि भुसा त्यांत कामी आला. लाकडी कोळसा लवकर पेटतो, जास्त तापतो आणि लवकर संपतो. वड्या सावकाश जळतात, म्हणून नवख्याला त्याच सोयीच्या.

कोळसा पेटवायला आत जाळी बसवलेले, दोन्ही बाजूंनी उघडे असे पत्र्याचे नळकांडे सर्वांत चांगले. खाली कागद पेटवला की हवा वर खेचली जाते आणि १५ ते २० मिनिटांत कोळसा फुलतो. पेटवण्याचे तेल ओतले आणि ते पुरते जळू दिले नाही, तर त्याचा वास मांसाला लागतो. वरच्या थरावर राखाडी साय धरेपर्यंत मांस जाळीवर ठेवू नये. घाई होते ती इथेच. यजमानाला भुकेलेले पाहुणे दिसत असतात, कोळसा दिसत नाही.

निखारे शेगडीभर सारखे पसरले की हातात एकच आंच उरते आणि काही बिघडले तर मांस हलवायला जागा नसते. त्यामुळे निखारे एका बाजूला ओढून दुसरी बाजू रिकामी ठेवावी. पहिल्या बाजूला रंग आणायचा, दुसऱ्या बाजूला आतपर्यंत शिजवायचे. आंच ओळखायला जाळीच्या वर साधारण अर्ध्या वितीवर तळहात धरतात. दोन-तीन सेकंदांत तो मागे घ्यावा लागला तर आंच कडक. चार-पाच सेकंद टिकला तर मध्यम.

झाकण असेल तर रिकाम्या बाजूची भट्टी होते. शिकागोच्या एका धातुकामाच्या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये पाण्यावर तरंगणाऱ्या लोखंडी बोयाचे दोन अर्धगोल घेऊन झाकणाची शेगडी केली. अशा शेगडीची आंच झडपांवर चालते. झडप उघडली की हवा वाढते, निखारा भडकतो. मिटली की तो मंदावतो. झाकण सारखे उघडून डोकावणाऱ्याचे मांस उशिरा शिजते.

भाजलेल्या मांसाचा तपकिरी रंग आणि खमंगपणा प्रथिनांतली अमिनो आम्ले व साखर यांच्या प्रक्रियेतून येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. ती जोमाने चालायला सुमारे १४० अंश सेल्सिअस लागतात, आणि पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. म्हणून तुकडे जाळीवर ठेवण्याआधी टिपून कोरडे करावेत. कडक आंचेने रस आत कोंडला जातो, ही १८४७च्या सुमारास युस्टुस फॉन लीबिग यांनी रूढ केलेली समजूत मात्र चुकीची आहे. तो चरचर आवाज बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच असतो.

आतल्या तापमानाचा हिशेब वेगळा. मांस ६० अंशांच्या पुढे गेले की संयोजी ऊती आकसतात आणि रस पिळून निघतो. ७० अंशांच्या वर बराच वेळ ठेवले तर त्याच ऊती हळूहळू विरघळून मऊ होतात. टेक्सासात गाईच्या छातीचे मांस मंद धुरात दहा-बारा तास ठेवतात ते याचसाठी. बोकडाच्या मटणालाही हे लागू पडते. कोवळ्या बोकडाची चाप थेट निखाऱ्यावर छान होते. जून बोकडाच्या मांडीचे तुकडे मात्र तिथे चिवट होतात. रश्शासाठी केलेले मिश्र तुकडे तर भाजायला घेऊच नयेत. कोंबडी ७४ अंशांपर्यंत, खिमा ७१ अंशांपर्यंत आणि सलग तुकडा ६३ अंशांपर्यंत शिजवावा व तो तुकडा मग तीन मिनिटे मुरू द्यावा, असे अमेरिकी कृषी खाते सांगते. खिम्याला जास्त तापमान हवे, कारण दळताना बाहेरचे जंतू आत मिसळतात. रंगावरून शिजल्याचा अंदाज चुकतो. टोकदार तापमापक हेच खरे साधन.

निखाऱ्यावरच्या मांसाची खास चव मुख्यतः निखाऱ्यांवर ठिबकणाऱ्या चरबीच्या धुरातून येते. चरबी जास्त पडली की ज्वाळ उठते आणि काजळी मांसावर बसते. तिच्यात आरोग्याला घातक संयुगे असतात. अशा वेळी पाणी न मारता तुकडे रिकाम्या बाजूला सरकवावेत.

मसाला पृष्ठभागापासून काही मिलिमीटरच आत जातो, मीठ त्याहून खोल. कच्च्या पपईतला पपेन तंतू तोडतो. जास्त वेळ ठेवला तर बाहेरचा थर गिळगिळीत होतो. गूळ, मध किंवा साखर असलेला लेप शेवटच्या काही मिनिटांतच लावावा, नाहीतर मांस शिजण्याआधी तो करपतो.

कच्च्या मांसाचे ताट आणि चिमटा शिजलेल्याला वापरू नये. पाऊस आला म्हणून पेटती शेगडी घरात, गॅरेजमध्ये किंवा तंबूत आणू नये. विझल्यासारख्या दिसणाऱ्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडत राहतो, आणि त्याला वास नसतो.